साधी रांग

१

"तिला एवढ्यात काही बोलू नकोस. आधी झाडांना तिची सवय होऊ दे."

सासूबाईंचं हे वाक्य कानावर पडलं तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या सातव्या पायरीवर होती. लग्नाला अकरा दिवस झाले होते. नव्या सुनेबद्दल दाराआड बोलणं होणारच, हे धरूनच ती सासरी आली होती. आपला रंग, आपली उंची, आपलं कमी बोलणं, कशाकशावर काय ऐकावं लागेल याची तिने मनात यादीच करून ठेवली होती. त्या यादीत झाडं नव्हती.

तिने मुद्दाम कपबश्या वाजवल्या, एक पायरी उतरून पुन्हा चढली, आणि आत गेली. सासूबाई आणि तिचा नवरा दोघंही एकदम पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

"साखर बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," नवरा म्हणाला. त्याने अजून कप उचलला नव्हता.

२

घर वर आणि काम खाली. खालच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या: पुढची कुंड्यांची आणि टाकीची, मधली लॅब, आणि मागची बिनखिडकीची, जिला सगळे नुसतं 'आत' म्हणत. आत लोखंडी मांडण्यांवर दोनशे चाळीस झाडं होती. तंबाखूच्या जातीतली, बुटकी, रुंद पानांची. हात लावला की बोटांना चिकटणारी.

काम तिला नवं नव्हतं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन तिने दोन वर्षं अशाच एका लॅबमध्ये तपासण्या केल्या होत्या, आणि स्थळ जुळलं ते त्यावरूनच. झाड कुंडीसकट उलटं धरून जिवाणू सोडलेल्या पाण्यात बुडवायचं. टाकीतली हवा ओढून घ्यायची आणि मग एकदम सोडायची. पानं ते पाणी पितात, आणि पाण्यातले जिवाणू पानांच्या पेशींत एक जनुक सोडून येतात. मग पान स्वतःचं काम बाजूला ठेवून माणसाचं एक प्रथिन बनवायला लागतं. सहाव्या दिवशी पानं कापायची, वाटायची, गाळायची, पुन्हा गाळायची. टोपलीभर पानांची बोटाएवढी कुपी होते.

हे प्रथिन रक्त गोठवणारं. ते विकायला नव्हतं. ते होतं धाकटीसाठी.

धाकटी म्हणजे तिची नणंद, एकोणीस वर्षांची. तिच्या रक्तात हे प्रथिन जन्मापासून नव्हतं, आणि बाजारातलं औषध तिचं शरीर परकं समजून मोडून टाकायचं. सासूबाईंचा सगळा जन्म वनस्पतींच्या जनुकांवर काम करण्यात गेला होता. त्यांनी नोकरी सोडली आणि ही झाडं घरात आणली. या झाडांचं औषध मात्र धाकटीच्या अंगाला चाललं. दर तिसऱ्या दिवशी एक कुपी. मागे एकदा आठवडाभर खंड पडला होता, तेव्हापासून धाकटीचा डावा गुडघा वाकत नव्हता.

"वहिनी, मला उन्हात ठेवत जा," पहिल्याच आठवड्यात धाकटी म्हणाली होती. "तुझी नणंद अर्धी झाड आहे. खत म्हणून चहा चालतो."

घरात तिच्याशी मोकळेपणाने बोलणारी तेवढी एकच होती. नवरा भला होता, पण त्याचं बोलणं पंप आणि गाळण्या यांच्यापलीकडे जात नसे. थोरले दीर गावोगाव यंत्रं बसवत फिरत आणि महिन्यातून दोन दिवस दिसत. आणि थोरल्या जाऊबाई तर तिच्याहूनही गप्प. तिशीच्या आतबाहेर, या घरात येऊन सहा वर्षं झालेल्या. घरातही सुती हातमोजे घालायच्या. भाजी चिरत नसत, दात कापसाने पुसत. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लावलेले होते, ते धाकटीसाठी असणार असं तिला वाटलं होतं. मग एकदा जाऊबाई कपाट उघडायला वाकल्या आणि त्यांच्या पोटऱ्या दिसल्या. जांभळे, निळे, पिवळे पडत चाललेले डाग. माराचे म्हणावेत तर या घरात कुणी आवाजसुद्धा चढवत नव्हतं.

३

'आत' बसायचं काम तिच्याकडे पंधराव्या दिवशी आलं.

रात्री विजेचा दाब चांगला असतो, म्हणून आतले दिवे रात्रभर जळत आणि दुपारी बाराला बंद होत. झाडांची रात्र तेव्हा सुरू व्हायची. एक ते दोन या वेळात कुणीतरी आत बसायचं, असा नियम होता. एक हिरवा मिणमिणता दिवा तेवढा लावायचा, कारण हिरवा उजेड झाडं हिशेबात धरत नाहीत.

"पूर्वी एकदा दुपारी पाण्याची झडप अडकली," नवऱ्याने सांगितलं. "सगळी झाडं वाळली. तेव्हापासून माणूस बसतो."

"इतके दिवस कोण बसायचं?"

"मोठी वहिनी. ती आता थकते."

"घंटी बसवली तर?"

"आईला माणूस बरा वाटतो."

खुर्ची खोलीच्या मधोमध होती, पाय जमिनीत पक्के केलेली. चौथ्या दिवशी तिने पाण्याची झडप शोधली. झडप पुढच्या खोलीत होती, दोन भिंतींपलीकडे. खुर्चीत बसून ती दिसणं शक्यच नव्हतं. पण नव्या सुनेने पहिल्या महिन्यात किती प्रश्न विचारावेत याचा एक अंदाज असतो, आणि तिचे संपले होते.

ती बसत राहिली. पंख्याची घरघर, थेंबांचा टपटप आवाज, मातीचा ओला वास. ती टेकली की एक तिसरा आवाज यायचा, कागदी पिशवी कुणीतरी हळूच चुरगळल्यासारखा, चारी बाजूंनी. मग थांबायचा. तासाभराने उठताना जवळच्या मांडण्यांवरची पानं खुर्चीकडे वळलेली असत. झाडं अंधारात पानं हलवतात, हे तिने परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलं होतं, त्यामुळे तिने त्याचं कौतुक करायचं नाही असं ठरवलं.

त्या महिन्यात कुप्या जास्त निघाल्या. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझा पायगुण," त्या म्हणाल्या. शास्त्र शिकलेल्या बाईच्या तोंडी हा शब्द तिला गमतीचा वाटला. सासूबाई हसत नव्हत्या.

४

दुसऱ्या महिन्यात सासूबाईंचे डोळे दुखायला लागले आणि तपासणीचं काम तिच्या हाती आलं.

प्रत्येक खेपेला सहा झाडं वेगळी ठेवलेली असत. त्यांना जिवाणूंच्या पाण्याऐवजी साध्या पाण्यात बुडवायचं. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं, त्यामुळे त्यांच्या पानांत औषध असूच शकत नाही. तपासणी खरी की खोटी, ते या साध्या रांगेवरून कळतं. प्लास्टिकच्या तबकडीत शहाण्णव खळगे असतात. प्रत्येकात एकेका झाडाच्या रसाचा थेंब टाकायचा. औषध असेल तिथे पिवळा रंग चढतो, नसेल तिथे पाणी पाण्यासारखं राहतं.

त्या दिवशी साध्या रांगेचे सहाही खळगे पिवळे झाले.

तिला पहिल्यांदा स्वतःचाच राग आला. चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या असतील. तिने कुंड्या तपासल्या, चिठ्ठ्या बरोबर होत्या. मग नळी अस्वच्छ असेल. नवी नळी, नवी तबकडी, नवा रस. पुन्हा पिवळे. बुडवायच्या टाकीतलं पाणी मिसळलं असेल, म्हणून पुढच्या खेपेला तिने सहा झाडं टाकीजवळ नेलीच नाहीत. बियांपासून आत वाढलेली, कधीही बाहेर न काढलेली सहा झाडं घेतली.

त्यांचे खळगे सगळ्यांत गडद झाले.

तबकडी घेऊन ती सासूबाईंकडे गेली. त्यांनी चष्मा लावला, तबकडी उजेडाकडे धरली आणि परत दिली.

"साध्या रांगेचा आकडा लिहायचा नाही," त्या म्हणाल्या.

"पण आई, मग तपासणीला अर्थ काय राहिला?"

"धाकटी जिवंत आहे, हा अर्थ."

तिने जुनी वही काढली. सहा वर्षांची पानं. साध्या रांगेच्या रकान्यात पहिल्या तीन महिन्यांत शून्यं होती, मग सासूबाईंच्या नेटक्या अक्षरात एक प्रश्नचिन्ह, आणि त्यानंतर तो रकाना कोरा. प्रश्नचिन्हाची तारीख तिने लक्षात ठेवली आणि जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तुमच्या लग्नाचा वाढदिवस कधी असतो?"

जाऊबाईंनी तारीख सांगितली. प्रश्नचिन्हाच्या तीन आठवडे आधीची.

"वाढदिवसाला काय हवं, मोठी वहिनी?" धाकटीने विचारलं.

"झोप," जाऊबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

५

तरीही तिची बुद्धी हार मानायला तयार नव्हती. हे प्रथिन माणसाचं. तपासणारीही माणूस. म्हणजे तिच्याच हातावरून, एखाद्या ओरखड्यातून ते रसात पडत असेल. हे सिद्ध करणं सोपं होतं. तिने बोटाला सुई टोचली, दोन थेंब बारीक नळीत धरले, नळी यंत्रात फिरवून वरचा स्वच्छ द्रव काढला आणि साध्या रांगेच्या शेजारच्या खळग्यात टाकला. धडधाकट माणसाचं रक्त. हा खळगा गर्द पिवळा होणार.

दहा मिनिटं झाली. साध्या रांगेतले खळगे पिवळे झाले. तिचा खळगा फिकट राहिला, लिंबू नुसतं दाखवून ठेवलेल्या पाण्यासारखा.

तिने पुन्हा केलं. मग मधल्या बोटातून केलं. मग तीन दिवसांनी सकाळी उपाशीपोटी केलं. तेव्हा तो आणखी फिकट होता.

समोर शहाण्णव खळगे होते आणि त्यांत सर्वांत कमी औषध माणसाच्या थेंबात होतं. ती स्टुलावर बसून राहिली. जरा वेळाने तिला मांडीवर ओलं लागलं. सुई टोचून चाळीस मिनिटं झाली होती आणि बोटातून अजून रक्त येत होतं. फार नाही, नळ नीट बंद न केल्यासारखं, थेंब थेंब.

दारात जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन हातमोज्याच्या आतून कापसाचा बोळा काढला, तिच्या बोटाला गच्च दाबून धरला.

"पहिल्या वर्षी थांबतं," त्या हळूच म्हणाल्या. "वेळ लागतो, पण थांबतं."

"ताई, तुम्ही डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. त्यांचं औषध दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी गेलेलं असतं. कुठे जातं ते त्यांना सापडत नाही."

"आणि तुम्ही बसायचं आधीच बंद का नाही केलंत?"

जाऊबाईंनी बोळा उचलून पाहिला आणि पुन्हा दाबला. "केलं होतं ना. एक आठवडा."

वरच्या मजल्यावर धाकटीच्या काठीचा आवाज आला. टक्, आणि मग ओढत येणारा पाय.

६

दुसऱ्या दिवशी ती गेली नसती तर बरं झालं असतं. पण धाकटीची कुपी परवा होती आणि फ्रीजमध्ये दोनच उरल्या होत्या, आणि रात्रभर तिला तो ओढत येणारा पाय ऐकू येत होता. ती एक वाजता आत गेली. सोबत पानं कापायची कात्री घेतली. एकदा काय ते पाहून टाकायचं, म्हणजे डोक्यातला किडा जाईल.

ती टेकली. चारी बाजूंनी कागदी पिशवी चुरगळली आणि थांबली.

तिने जवळच्या झाडाचं एक पान देठाशी कापलं. तुटलेल्या पानाच्या देठातून पाणी पाझरतं, कितीतरी वेळ पाझरत राहतं. तिने हजार वेळा पाहिलं होतं. इथे देठाच्या टोकाला एक थेंब आला. हिरव्या उजेडात तो काळा दिसला. त्या उजेडात लाल काय आणि तपकिरी काय, सगळं काळंच दिसतं, हे तिने स्वतःला समजावलं. थेंब फुगला, थरथरला, आणि खाली पडण्याऐवजी जागच्या जागी घट्ट झाला. तिने नखाने खरवडला. खपली होती.

तिने दुसरं पान कापलं. खपली. तिसरं. कापल्या क्षणी देठ मिटत होता, लहान मुलाने तोंड मिटावं तसा.

मग तिने मान वर केली. सगळी पानं वळलेली होती, पण तिच्या तोंडाकडे नाही. ती जरा खाली वळली होती. मांडीवर ठेवलेल्या तिच्या हाताकडे, जिथे कालच्या बोटावरची पट्टी ओली होत होती. मागच्या ओळीतली झाडं पुढच्या ओळीच्या फटींतून वाकली होती. पंखा चालू होता, तरी एकही पान हलत नव्हतं.

तिने रुमालाने देठ पुसले, हात पुसला, आणि दोन वाजेपर्यंत बसली. आपण उठून का गेलो नाही, हे तिचं तिलाच नंतर कळेना. बाहेर उजेडात तिने रुमाल उघडला. त्यावर लाल डाग होते, बरेच. त्यातले तिचे कोणते, हे कळायला काही मार्ग नव्हता. तपासता आलं असतं. रुमाल तिने साबणात भिजत घातला.

७

परवाची दुपार. बाराला खालचे दिवे गेले आणि सव्वाबाराला जाऊबाईंच्या नाकातून रक्त यायला लागलं.

आपटल्या नव्हत्या, पडल्या नव्हत्या. पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि पाणी लाल झालं. साडेबारापर्यंत दोन टॉवेल भिजले. नवऱ्याने फोन केला. गाडीला पाऊण तास लागणार होता. जाऊबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या की होईल कमी. त्यांचे ओठ तबकडीतल्या कोऱ्या खळग्यासारखे दिसत होते.

ती फ्रीजकडे धावली. फ्रीजच्या दाराला सासूबाई उभ्या होत्या.

"आई, एक कुपी द्या."

"पुढची पानं निघायला चार दिवस आहेत."

"त्यांना पाऊण तास काढायचाय!"

"आजची एक धाकटीची आहे, आणि दुसरी तीन दिवसांनंतरची," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दाराची मूठ सोडली नाही. "मला दगड समजू नकोस. मी सगळं करून पाहिलं. माती बदलली, बी बदललं, खोली बदलली. असं का होतं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की कुणी बसलं नाही तर या झाडांत काहीसुद्धा नसतं."

"कुणी म्हणजे?"

सासूबाईंनी भिंतीशी बसलेल्या जाऊबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही बसला होतात कधी?" तिने सासूबाईंना विचारलं. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही?"

नवरा फरशीकडे बघत होता. "माझी चाळीस कामं असतात... आणि तेव्हा माहीत नव्हतं. वहिनी सहज बसायला लागली. मग बसतच राहिली." त्याने घसा साफ केला. "मग तुझं स्थळ आलं."

इतकं सरळ उत्तर त्याने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दिलं होतं.

टक्. धाकटी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने भिंतीशी बसलेल्या मोठ्या वहिनीकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं, मग नव्या वहिनीच्या बोटावरच्या पट्टीकडे. ती हुशार मुलगी होती. तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"मोठ्या वहिनीला दे," धाकटी म्हणाली. "दोन्ही दे. मला नको. मी यापुढे घेणारच नाही."

"वेडेपणा करू नकोस," सासूबाई ओरडल्या.

"माझ्यात काय घालत होतात तुम्ही इतकी वर्षं?" धाकटीने विचारलं. "कोणाचं?"

जाऊबाईंनी भिंतीशी मान हलवली. बोलायला गेल्या तर तोंडातही रक्त आलं.

घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. खाली पंखा घरघरत होता. आणि त्या घरघरीखाली, दोन दारांपलीकडून, तिला तो आवाज ऐकू आला. कागदी पिशवी चुरगळल्याचा. खुर्चीत कुणी बसलेलं नसताना.

तिने सासूबाईंचा हात दाराच्या मुठीवरून उचलला. तो सहज उचलला गेला. त्यात काही जोर उरला नव्हता. दोन्ही कुप्या बाहेर काढल्या. एकीतून सुई भरून ती जाऊबाईंजवळ गुडघ्यांवर बसली, हातमोजा मागे सारला, शीर शोधली. शीर सापडायला वेळ लागला. औषध आत गेलं. दुसरी कुपी तिने तशीच मुठीत धरून ठेवली, गरम होईपर्यंत.

मग ती उठली. या घरात तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर कधी गेला नव्हता. आता तो जिन्यातून खालपर्यंत ऐकू गेला असेल.

"धाकटे, हात पुढे कर. तुला घ्यावंच लागेल, त्यात तुझं काही चालणार नाही. ताई आता कधीही आत जाणार नाहीत. आई, उद्या तुम्ही बसायचं, परवा थोरल्या भाऊजींना बोलावून घ्या, तेरवा मी. आणि आज," तिने नवऱ्याच्या हातात 'आत'च्या खोलीची किल्ली ठेवली, "आज तुम्ही बसा. एक वाजत आलाय. बाहेरून कडी मी लावते."